‘नेपाळी’ एवढंच लिहून भागत नाही

(धामणकर नाका, भिवंडी इथे परिसरातल्या महिला मंडळांच्या आणि सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्यांची बैठक झाली. त्या बैठकीत केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणींनी मला विचारलं, की भिवंडीत बसून नेपाळमधल्या जाती कशाला शिकायच्या? आपल्याकडच्या जाती काय कमी पडल्या? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच कपाटात आहे. आपल्या केंद्रांमध्ये ज्या नेपाळी बाया आल्या, त्यांचे केस पेपर काढून बघा. नाव, वय, पत्ता, मुलं किती, हे सगळं नीट भरलेलं आहे. जातीच्या रकान्यात मात्र एकच शब्द सापडतो, ‘नेपाळी’. एखाद्या कागदावर ‘गुरखा’. एका ठिकाणी तर ‘हिंदू-बहादूर’ असंही लिहिलेलं आहे.

आता आपण बसलोय तो धामणकर नाकाच घ्या. बाहेरून आलेला माणूस म्हणेल, इकडे तेलुगू लोक आहेत, तिकडे युपीवाले आहेत. पण आपल्यापैकी कुणी असं म्हणून थांबेल का? पद्मानगरचा पद्मशाली मागवाला आणि त्याच भाषेत बोलणारा दलित मजूर यांच्यातलं अंतर आपल्याला माहीत आहे. युपीहून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांमध्ये आणि तिथल्याच इतर बिरादऱ्यांमध्ये रोटी-बेटीचं काय चालतं, तेही आपण जाणतो. कुणाची मुलगी कुणाबरोबर गेली तर घरात काय होईल, याचा अंदाज आपल्याला जातीवरूनच येतो. मग नेपाळी बाई समोर आली, की आपली ही जाण कुठे जाते?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं होतं, की बाईची पार्श्वभूमी समजून घेतल्याशिवाय तिचा प्रश्न समजत नाही. जात ही तर आपल्या देशातली पहिली पार्श्वभूमी. ती नेपाळातही आहे आणि एके काळी ती तिथे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली होती.

कोण नेपाळी?

आधी आपल्या भागात ही माणसं कुठे कुठे आहेत ते बघू. माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांवर रात्रपाळीला असणारे वॉचमन आणि त्यांच्या बरोबर केबिनच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बायका. सोसायट्यांमध्ये गाड्या धुणारे, जिने पुसणारे. चायनीजच्या गाडीवर नूडल्स परतणारी आणि मोमो विकणारी पोरं. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या काही बाया. आणि धंद्याच्या वस्त्यांमध्ये कित्येक वर्षांपूर्वी आणलेल्या, आता केस पांढरे झालेल्या काही जणी.

यातली प्रत्येक जण नेपाळ देशाची असतेच असं नाही. दार्जिलिंग, सिक्कीम, आसाम इथले नेपाळीभाषक पिढ्यान्‌पिढ्या भारताचे नागरिक आहेत. १९९२ साली नेपाळी भाषा आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पश्चिम बंगालमध्ये नेपाळी कामी, दमाई, सार्की हे अनुसूचित जातींत आहेत. लिंबू आणि तामांग हे तिथे आणि सिक्कीममध्ये २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत. म्हणजे चेहरा बघून ‘परदेशी’ लिहिणं ही पहिली गफलत. पोलीस ठाण्यात तर हे सर्रास होतं, आणि त्या बाईचा नागरिक म्हणून असलेला हक्कच तिथे उडून जातो.

दुसरा शब्द ‘गुरखा’. मराठीत गुरखा म्हणजे रात्री शिट्टी वाजवत फिरणारा माणूस. पण गुरखा नावाची जात नाही. गोरखा हे पृथ्वीनारायण शहा यांचं छोटं राज्य. त्याने अठराव्या शतकात काठमांडूचं खोरं जिंकलं आणि आजचा नेपाळ घडवला. १८१५ पासून इंग्रजांनी पलटणीत त्या डोंगरातली माणसं भरती करायला सुरुवात केली आणि त्यांना सरसकट गुरखा म्हटलं. भरती कुणाची होत होती? मुख्यतः मगर, गुरुंग, राई, लिंबू या जमातींची. इंग्रजांनी त्यांना ‘लढवय्या जाती’ असं नाव दिलं. हे लढवय्येपण पुढे सिनेमात ‘बहादूर’ आणि ‘शाब्जी’ होऊन आलं. माणूस वॉचमनच्या खुर्चीवर बसला आणि त्याचं गाव, त्याची भाषा, त्याची जात सगळं त्या खुर्चीखाली गेलं.

नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १४२ जाती-जमाती नोंदवल्या आहेत आणि १२४ मातृभाषा. सगळ्यांत मोठा गट छेत्री, साधारण साडेसोळा टक्के. डोंगरी ब्राह्मण, ज्यांना तिथे बाहुन म्हणतात, ते सव्वाअकरा टक्के. मग मगर, थारू, तामांग, विश्वकर्मा, नेवार आणि पुढे लांबलचक यादी. शंभरात चौदा टक्क्यांचाही एकही गट नाही, छेत्री सोडले तर. अशा देशातल्या बाईला एका शब्दात बसवणं म्हणजे तिला न भेटणंच आहे.

पाणी चालणं, न चालणं

१८५४ साली जंगबहादूर राणा यांच्या राजवटीत ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा आला. ऐन म्हणजे कायदा. या कायद्याने सगळ्या प्रजेला एकाच उतरंडीत बसवलं. सर्वांत वर तागाधारी, म्हणजे जानवं घालणारे. यात बाहुन, ठकुरी, छेत्री. त्यांच्या खाली ‘मतवाली’, म्हणजे दारू पिणारे. पण मतवालींचे दोन भाग केले होते. ज्यांना गुलाम करता येणार नाही ते एका भागात, उदाहरणार्थ मगर आणि गुरुंग. ज्यांना गुन्ह्याच्या शिक्षेत गुलाम करता येईल ते दुसऱ्या भागात. यात थारू होते, चेपांग होते आणि ‘भोटे’ या शब्दाखाली आजचे तामांगही होते. त्याच्या खाली ‘पानी नचल्ने’, म्हणजे ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असे. त्यातही दोन प्रकार. एक, पाणी चालत नाही पण शिवलं तर विटाळ नाही. यात मुसलमान आले आणि गंमत म्हणजे युरोपातले साहेबही आले. दोन, शिवलं तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावं लागेल असे. यात कामी म्हणजे लोहार, सार्की म्हणजे चामड्याचं काम करणारे, दमाई म्हणजे शिवणारे आणि वाजंत्री, गाइने, बादी, पोडे.

त्याच काळात पुण्यात काय चाललं होतं ते आठवा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. इकडे एक मुलगी जातीवर प्रश्न विचारत होती आणि तिकडे सरकार जात कायद्यात लिहीत होतं. पाण्याचा प्रश्न तर आपल्याला समजावून सांगायला नको. १९२७ चं महाड आपल्या रक्तात आहे.

या कायद्यातलं एक गोष्ट स्त्रियांच्या चळवळीने लक्षात ठेवावी अशी आहे. त्याचा फार मोठा भाग कुणी कुणाशी शरीरसंबंध ठेवावा, कुणी कुणाच्या हातचा भात खावा, कोणत्या संबंधातलं मूल कोणत्या जातीचं, याच्या नियमांनी भरलेला होता. वरच्या जातीच्या पुरुषाने खालच्या जातीची बाई ठेवली तर एक न्याय आणि खालच्या जातीच्या पुरुषाने वरच्या जातीच्या बाईशी संबंध ठेवला तर वेगळा, कितीतरी कडक न्याय. जातीचा बांध बाईच्या शरीरावर घातला जातो असं आपण शिबिरांमध्ये म्हणतो. इथे तो सरकारी छपाईत आहे.

गुलामगिरी १९२४-२५ मध्ये चंद्रशमशेर यांच्या काळात बंद झाली. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनमधून जातीची उतरंड काढून टाकली. पण अस्पृश्यता पाळणाऱ्याला ठोस शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा यायला २०११ साल उजाडलं. आणि त्यानंतरही, मे २०२० मध्ये रुकुम पश्चिम जिल्ह्यात वरच्या जातीतल्या मुलीला आणायला गेलेल्या दलित तरुणावर आणि त्याच्या मित्रांवर जमाव तुटून पडला. सहा जणांचा जीव गेला. आपल्याला खर्डा आठवतं ना? २०२१ मध्ये काठमांडूत एका दलित पत्रकार स्त्रीला जात कळल्यावर भाड्याची खोली नाकारली. आपल्याला आपली शहरं आठवतात ना?

एकीचा भाऊ पलटणीत, एकीचा भाऊ हमाल

आता आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेल्या एका बोलण्याकडे येते. धंद्याच्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यासुद्धा कधी कधी म्हणतात, “तामांग लोकांत पोरी विकायची पद्धतच आहे.” पोलीस म्हणतात, दलाल म्हणतो, तिथल्या घरवालीही म्हणतात. हे आपण तपासून बघितलं पाहिजे.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये आलेल्या नेपाळी मुलींत सिंधुपाल्चोक, नुवाकोट या काठमांडूच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांतल्या तामांग मुली मोठ्या संख्येने होत्या, हे खरं आहे. पण का? राजधानीच्या जवळच्या या डोंगरांतल्या जमिनी सत्तेतल्या घराण्यांना आणि त्यांच्या मर्जीतल्यांना इनाम दिल्या गेल्या. त्या जमिनी कसणारे तामांग कुळं झाले. सरकारचा सामान वाहून नेणं, लाकूड-कोळसा पोचवणं, राजवाड्यातली वेठ हे त्यांच्या माथी आलं. वेठीला माणसं हवीत म्हणून त्यांना पलटणीत भरती होण्याची वाट बराच काळ बंद ठेवली गेली. १९३२ पर्यंत सरकारदरबारी त्यांना ‘तामांग’ हे स्वतःचं नावही नव्हतं. मुर्मी, लामा, भोटे अशी दुसऱ्यांनी दिलेली नावं होती. आणि या डोंगरातल्या मुली राणांच्या वाड्यांवर दासी म्हणून नेल्या जात होत्या.

गुरुंगाच्या आणि मगराच्या घरी पलटणीचा पगार आला, पेन्शन आलं, त्यावर पोरं शिकली. तामांगाच्या घरी डोक्यावर ओझं आलं. १९५१ साली राणांची सत्ता गेली, वाडे रिकामे झाले, पण मुली नेणारी वाट आणि ती वाट माहीत असलेले दलाल राहिले. ती वाट पुढे मुंबईला येऊन मिळाली. याला ‘पद्धत’ म्हणायचं का? आपल्याकडे देवदासींना, कोल्हाटी समाजाच्या बायांना ‘त्यांच्यात चालतंच’ असं म्हणणारे असतात. त्या चालण्याचा फायदा कुणाला झाला, असं विचारलं की ते गप्प होतात. तोच प्रश्न इथेही विचारायचा.

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वस्त्यांवर मोठा छापा पडला. चारशेहून अधिक मुलींना बाहेर काढलं. त्यात नेपाळच्या दोनशेच्या आसपास होत्या. काढल्या, पण पुढे काय? सुधारगृहांत कोंडल्या गेल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. त्या नेपाळच्या आहेत याचा कागद कुठे आहे, असा प्रश्न होता. आणि एचआयव्हीची भीती उघड बोलून दाखवली जात होती. शेवटी तिथल्या संस्था पुढे आल्या आणि जुलैमध्ये सव्वाशेवर मुली काठमांडूला परतल्या. त्यांतल्याच काही जणींनी ‘शक्ती समूह’ नावाची संघटना उभी केली. विकल्या गेलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संघटना. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिच्या संस्थापकांपैकी चरिमाया तामांग सिंधुपाल्चोकची. तिने परत जाऊन आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतःच्या नावाने तक्रार नोंदवली आणि त्यांना शिक्षा घडवली.

परतलेल्या मुलींची अडचण अशी की नागरिकत्वाचा कागद बापामार्फत मिळायचा आणि पुष्कळ जणींच्या बापाने दार लावून घेतलं. कागद नाही म्हणून जमीन नाही, नोकरी नाही, बँक नाही. जिला जातीने आणि गरिबीने बाहेर ढकललं, तिला परत घ्यायला बापाची सही लागते, हे गणित आपण ओळखतो.

यावर एक इशारा. हे ऐकून उद्या ‘तामांग’ शब्द दिसला की ‘विकलेली’ असा अर्थ लावू नका. आज मुली सगळ्या जातींतून फसवल्या जातात. २०१५ च्या भूकंपात एकट्या सिंधुपाल्चोकात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली आणि उरलेल्या घरांवर दलालांची नजर होती, ती जात बघून नव्हती. तामांग बाई गोदामाच्या वॉचमनची बायको असते, शिक्षिका असते, नगरसेवक असते. जात विचारायची ती वाट समजायला. शिक्का मारायला नाही.

आडनाव ‘नेपाली’

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून बहुतेकींना नवल वाटेल. नेपाळात ‘नेपाली’ हे आडनाव आहे. आणि ते प्रामुख्याने दलितांचं आहे. दमाई, सार्की, बादी यांतल्या अनेकांनी जात सांगणारं आडनाव टाकून ‘नेपाली’ लावलं. कामींनी विश्वकर्मा लावलं, दमाईंनी परियार, गाइनेंनी गंधर्व. आपल्याकडे आडनाव बदलून शहरात खोली मिळवणारे आहेतच. म्हणजे आपण सगळ्यांना ‘नेपाळी’ लिहितो, आणि जिचं खरोखरच ‘नेपाली’ आडनाव आहे ती कोण, हे आपल्याला ओळखता येत नाही.

उलट काही आडनावं काहीच सांगत नाहीत. थापा छेत्रीही असतो आणि मगरही. राणा हे राज्य करणाऱ्यांचं नाव, तसंच मगरांतही राणा आणि थारूंतही राणा. तेव्हा आडनावावरून अंदाज बांधू नका.

हे का महत्त्वाचं, ते एका केसवरून सांगते. एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने खोलीतून बाहेर काढलं होतं. अकरा वर्षांचा संसार, दोन मुलं. नवरा गोदामावर, ती शिलाईच्या कामावर. आलेल्या कार्यकर्तीने लिहून घेतलं होतं, ‘दोघे नेपाळी, पती दारू पितो, घरगुती भांडण’. समजूत घालायला त्यांच्या लोकांचे चार पुरुष बोलावले. ते नीट बोलले, आवाज चढवला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की परत ठेवून घे असं त्याला सांगता येणार नाही, कारण ही त्याची बायकोच नाही. बाई सगळा वेळ खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवशी एकटी आली तेव्हा बोलली. तो छेत्री, बझांगकडचा. ती दमाई. दोघं इथे भेटली, देवळात हार घातले. मुंबईत कोण विचारतंय, असं तो म्हणायचा. बाकीच्या नेपाळी बायका तिच्या गाडीवरचा चहा प्यायच्या, पण दसैंला टिळा लावायला घरी बोलवायच्या नाहीत. अकरा वर्षांत तो तिला एकदाही गावी घेऊन गेला नाही. आई वारली तेव्हा तो एकटा गेला, आणि दिवस झाल्यावर भावकीने त्याच्यासाठी जातीतली मुलगी बघितली. परत आला तो भांडण काढायलाच.

आता सांगा, हे घरगुती भांडण आहे का? दारू तर तो आधीही पीत होता. कागदावर जात नव्हती म्हणून हा संसार का मोडला हे कागदावर नव्हतं. आणि ज्यांना मध्यस्थ म्हणून बसवलं, ते त्याच्याच जातीचे होते. त्यांच्यासमोर ती तोंड कसं उघडणार?

पुढे तिने कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली अर्ज केला. २००५ चा हा कायदा ‘कोणतीही स्त्री’ म्हणतो. ती भारताची नागरिक आहे का, असं विचारत नाही. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही तो धरतो. तिला राहत्या खोलीत राहू द्यावं आणि दरमहा पैसे द्यावेत असा अंतरिम आदेश मिळाला. ही आपली बाजू. पण मुलांचा प्रश्न अजून अडकलेला आहे. २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-बाप दोघंही परदेशी असतील तर जन्माने ते भारताचं नागरिक होत नाही. नेपाळचं नागरिकत्व आईच्या नावावर मिळण्याची वाट तिथल्या घटनेत आहे, पण ती बापाच्या वाटेइतकी सरळ नाही. मूल तिथे जन्मलेलं आणि तिथे राहणारं असावं, बापाचा पत्ता नसावा, अशा अटी येतात. इथे बापाचा पत्ता आहे, गोदामाचा. फक्त तो सही करत नाही. दलित आईच्या मुलांना आपल्या घराण्याच्या कागदावर चढवायला भावकी तयार नाही. मोठा मुलगा काही वर्षांत सोळाचा होईल. त्या वयाला तिथे नागरिकत्वाचा दाखला काढतात. हातात काही नसेल तर हा मुलगा कुठल्याच देशाचा राहणार नाही.

आणखी एक. तिला त्या भांडणात जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. आपण लगेच म्हणतो, अ‍ॅट्रॉसिटी लावा. लावता येत नाही. १९८९ चा तो कायदा आपल्या अनुसूचीत असलेल्या जाती-जमातींसाठी आहे आणि नेपाळची दमाई बाई महाराष्ट्राच्या यादीत नाही. घटनेचं १७ वं कलम मात्र अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला बंदी करतं, आणि ते नागरिकत्व विचारत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचा आधार अशा बायांना कसा घेता येईल, यावर आपल्या वकील मैत्रिणींनी बसून काम करायला हवं. ही मागणी मी इथे नोंदवून ठेवते.

बाई म्हणून सगळ्या सारख्या?

कुणी म्हणेल, जात काढलीत की बायांची एकजूट फुटते. हे वाक्य आपण आपल्या चळवळीतही ऐकलं आहे. दलित स्त्रियांनी स्वतंत्र बोलायला सुरुवात केली तेव्हा ऐकलं. नेपाळात १९९४ साली दलित स्त्रियांनी ‘फेडो’ ही स्वतःची संघटना काढली, कारण स्त्रियांच्या संघटनांत त्यांची जात दिसत नव्हती आणि दलितांच्या संघटनांत त्यांचं बाईपण. २००७ साली बादी समाजाच्या बाया पश्चिम नेपाळातून काठमांडूला आल्या आणि सिंहदरबारसमोर त्यांनी अर्धनग्न होऊन निदर्शनं केली. जमीन, निवारा आणि मुलांना नागरिकत्व या त्यांच्या मागण्या होत्या. ज्या शरीराचा व्यापार होताना सगळ्यांनी पाहिलं, तेच शरीर त्यांनी सरकारच्या दारात उभं केलं. २०१५ च्या घटनेनंतर प्रत्येक वॉर्डात एक जागा दलित स्त्रीसाठी राखून ठेवली गेली आणि २०१७ च्या निवडणुकीत साडेसहा हजारांच्या आसपास दलित बाया निवडून आल्या. एकजूट फुटली का? उलट ती खालपर्यंत पोचली.

बंधनंही सगळ्यांना सारखी नसतात. अछाम, डोटी, बझांग या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत पाळीच्या दिवसांत बाईला गोठ्यात किंवा वेगळ्या खोपटात ठेवायची ‘छाउपडी’ प्रथा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिला मनाई केली, २०१८ पासून तो गुन्हा झाला, तरी थंडीने, सापाने, धुराने बाया मेल्या. आपल्याकडच्या वॉचमन कुटुंबांतली बरीचशी त्याच पट्ट्यातून येतात. गोदामाच्या एका खोलीत वेगळं खोपट कुठलं? मग बाई ते चार दिवस भिंतीला टेकून बाहेर बसते. तिला विचाराल तर सांगेल, देवाला चालत नाही. शेजारी राहणारी मगर किंवा तामांग बाई यातलं फारसं पाळत नाही, ती घरी जाड म्हणजे भाताची दारू बनवते, विधवा झाली तर दुसरं घर करू शकते. पहिली तिला सैल समजते, दुसरी पहिलीला गर्विष्ठ. पण वरच्या जातीच्या बाईचं सोवळं आणि खालच्या बाईची बदनामी ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. दोघींना एका बैठकीत बसवायचं तर आधी ही दोरी दाखवायला लागेल.

आपण काय करायचं

पहिलं, रकाना बदलू या. ‘नेपाळी’ हा शब्द राष्ट्रीयत्वाच्या किंवा भाषेच्या रकान्यात जाईल. जात-जमात, गाव-जिल्हा आणि मातृभाषा यांचे रकाने वेगळे.

दुसरं, जात कशी विचारायची. पहिल्या भेटीत, चारचौघांत, नवऱ्यासमोर विचारायची नाही. ‘तुमचं गाव कुठलं, घरी कुठली भाषा बोलता, लग्न घरच्यांनी लावलं का’ इथून सुरुवात केली की पुष्कळदा बाई स्वतःच सांगते. सांगायचं नसेल तर तो तिचा हक्क. कागद कुलपात ठेवायचा.

तिसरं, दुभाषा. समाजाचे पुढारी सोयीचे असतात, कारण ते लगेच येतात आणि हिंदी बोलतात. पण ते कोणत्या जातीचे, कोणाचे नातेवाईक, हे कळल्याशिवाय त्यांना केसमध्ये बसवू नका. शक्य तिथे बाईच दुभाषी हवी. आणि तामांग, मगर, थारू बाईची मातृभाषा नेपाळी नसू शकते, हे ध्यानात ठेवा.

चौथं, परत पाठवण्याची घाई नको. ‘तिच्या घरी पोचवली’ म्हणून फाईल बंद करण्याआधी विचारा, की घर तिला घेईल का, गाव तिला पाण्याला शिवू देईल का, तिच्या हातात नागरिकत्वाचा कागद आहे का. १९५० च्या करारामुळे सीमा खुली आहे. ओलांडायला सोपी आहे. पलीकडे उभं राहणं सोपं नाही. तिथल्या स्त्रियांच्या संघटनांशी आधी बोलणं करून, तिची इच्छा विचारून मगच पुढचं पाऊल.

पाचवं, मुलांच्या जन्माची नोंद. इथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाची महापालिकेत नोंद झालीच पाहिजे आणि तीत आईचं पूर्ण नाव असलंच पाहिजे. उद्या कुठल्याही देशाच्या दारात उभं राहायचं तर हा पहिला कागद लागेल. हे काम आपण याच महिन्यात, गोदामांच्या पट्ट्यापासून सुरू करू शकतो. त्यासाठी दोघी-दोघींच्या जोड्या आज इथून उठण्याआधी ठरवू या.

शेवटी एवढंच. जात मोडायची असेल तर ती आधी दिसावी लागते, हे आपल्याला फुले-आंबेडकरांनी शिकवलं. ती सीमेवर थांबत नाही. ती बसमध्ये, ट्रेनमध्ये माणसाबरोबर येते आणि गोदामाच्या केबिनमागच्या खोलीत पाण्याच्या हंड्याशेजारी जाऊन बसते. त्या बाईने तिकडे जे सोसलं, ते इथे तिला पुन्हा सोसावं लागू नये आणि आपल्या अज्ञानामुळे तर नकोच नको.

जोड्या ठरवायला वही पुढे पाठवते. नावं लिहा.